तटस्थता कोणाच्या भरवशावर? बेल्जियम, 1914 आणि 1940

मागच्या वेळी आपण युद्धकाळातल्या तटस्थतेची बाजू ऐकली. आज तिच्या विरोधातलं म्हणणं बघू. नुसतं तत्त्व घेऊन बसण्यापेक्षा आपण बेल्जियमचं उदाहरण घेऊ.

1839 च्या लंडन कराराने युरोपातल्या पाच बड्या सत्तांनी बेल्जियमच्या तटस्थतेची हमी दिली. त्या पाचांत प्रशिया होता. पुढे प्रशियाच्याच नेतृत्वाखाली जर्मन साम्राज्य उभं राहिलं आणि 4 ऑगस्ट 1914 रोजी त्याचं सैन्य बेल्जियममध्ये शिरलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा ना!

यातून धडा घेऊन बेल्जियमने 1920 मध्ये फ्रान्सशी लष्करी करार केला. पण मार्च 1936 मध्ये हिटलरने ऱ्हाईनलँडमध्ये सैन्य घुसवलं आणि फ्रान्स स्वस्थ बसला. शिवाय देशातल्या फ्लेमिश लोकांना फ्रान्सची सोबत मुळातच नको होती. ऑक्टोबर 1936 मध्ये राजा तिसरा लिओपोल्ड याने पुन्हा कोणत्याही गटात न जाण्याचं धोरण जाहीर केलं. पुढच्या वर्षी जर्मनीने अभयवचनही दिलं. तेव्हा हा निर्णय मूर्खपणाचा होता, असं आपण म्हणू नये.

प्रश्न त्याच्या किमतीचा आहे. तटस्थ राहायचं म्हणजे मित्रांबरोबर उघडपणे लढाईची आखणी करता येत नाही. जानेवारी 1940 मध्ये एक जर्मन विमान बेल्जियममध्ये उतरलं. त्यात स्वारीच्या योजनेचे कागद सापडले. तरीही ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांना आत घ्यायला बेल्जियमने नकार दिला. 10 मे रोजी हल्ला झाला, आणि मगच मदतीची हाक गेली. एबन-एमाएलचा भक्कम किल्ला ग्लायडरमधून उतरलेल्या शंभराहूनही कमी जर्मन सैनिकांनी निकामी केला. दुसऱ्याच दिवशी तो शरण आला. 28 मे रोजी, म्हणजे अवघ्या 18 दिवसांत, बेल्जियमच्या सैन्याने शस्त्रं खाली ठेवली.

यावर कोणी म्हणेल, आधी हातमिळवणी केली असती तरी काय झालं असतं? फ्रान्सही पडलाच की! आक्षेप रास्त आहे. स्वीडन तर तटस्थ राहून वाचला, हेही खरं. पण त्याचं लोहखनिज जर्मनीला जात राहिलं आणि 1943 पर्यंत त्याच्या रेल्वेतून जर्मन सैनिक ये-जा करत होते. म्हणजे तिथली तटस्थताही दोन्ही बाजूंना सारखी राहिली नाही.

तेव्हा विरोधकांचं म्हणणं थोडक्यात असं: तटस्थता जाहीर आपण करतो, पण ती पाळायची की मोडायची हे बलवान शेजारी ठरवतो. आपलं वचन मात्र आपण प्रामाणिकपणे पाळतो, आणि त्याने हात बांधले जातात ते आपल्या मित्रांचे. शांतता हवी असणं वेगळं आणि ती राखण्याची ताकद असणं वेगळं. 1940 मध्ये बेल्जियमला हवी होती पहिली. दुसरीची तजवीज एकट्याने होण्यासारखी नव्हती.