शेवटचे दहा चेंडू

प्रिय माजी विद्यार्थ्यांनो,

‘सर, स्मरणिकेसाठी शाळेच्या सॉफ्टबॉलचा इतिहास लिहून द्या,’ असा तुमच्या समितीचा निरोप आला. किती ढाली मिळाल्या, कोण राज्यावर खेळलं, ही यादी कार्यालयातल्या कपाटावर लावलेलीच आहे. ती इथे पुन्हा उतरवत नाही. त्या यादीत नसलेली एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली आहे. चूक माझी होती, म्हणून ती मीच लिहिलेली बरी.

आधी थोडं खेळाबद्दल. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागोत, एका बंदिस्त सभागृहात झाला. जॉर्ज हॅनकॉक आणि त्याच्या मित्रांनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून त्याचाच चेंडू केला आणि काठीची बॅट केली. आपल्या देशात संघटना १९६१ साली उभी राहिली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९६७ साली जोधपूरला झाली. आपल्या शाळेत हा खेळ आला तेव्हा आमच्याकडे एक बॅट आणि पाच ग्लोव्ह होते. वाळू भरलेली पोती हे आपले बेस आणि प्लायवूडचा तुकडा ही होम प्लेट. चुन्याची फक्की मारायला कोण पुढे असायचं, ते तुम्हाला आठवत असेलच.

१९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल पहिल्यांदा खेळला गेला. त्यानंतरच्या वर्षी मी एका प्रशिक्षण शिबिराला गेलो. तिथे ‘स्लॅप’ शिकवला. होम प्लेटपासून फर्स्ट बेस ६० फुटांवर. डावीकडे उभा राहणारा बॅटर मुळातच बेसच्या जवळ असतो. उजवीकडच्याला बॅट फिरवून मग वळावं लागतं. डावीकडचा धावत धावतच चेंडू टोलवतो. चेंडू शॉर्टस्टॉपकडे ढकलला, की त्याला लांबून फेकावं लागतं आणि तेवढ्यात धावणारा बेसवर पोहोचतो. मात्र चेंडूला बॅट लागताना पाय बॉक्सच्या बाहेर पडलेला असेल, तर बॅटर बाद.

बाजू बदलण्याची युक्ती तशी जुनी. १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या बेसबॉल सामन्यात बॉब फर्ग्युसन हा उजखोरा खेळाडू अकराव्या इनिंगमध्ये डावीकडे जाऊन उभा राहिला. कारण एकच, समोरच्या संघाचा शॉर्टस्टॉप जॉर्ज राइट फार तरबेज होता. फर्ग्युसनचा संघ तो सामना ८-७ असा जिंकला. शिबिरात हे ऐकून मी भारावूनच परतलो.

आठवीत एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. शाळेत सगळ्यांत वेगवान, पण अंगानं किरकोळ. तिचा फटका जमिनीवरून जायचा आणि ती फर्स्ट बेसवर अर्ध्या पावलानं बाद व्हायची. मी ठरवलं, हिला डावीकडे उभं करायचं. तिला विचारलं नाही, सांगितलं. जिल्हा स्पर्धेला जेमतेम महिना होता.

त्या महिन्यात तिचं उजवीकडचं गेलं आणि डावीकडचं आलं नाही. जिल्ह्याच्या सामन्यात ती तीनदा स्ट्राइकआउट झाली. तिसऱ्यांदा बॅटिंगला जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं आणि उजवीकडे वळली. मी बाहेरून ओरडलो, ‘डावीकडे!’ आपण एका रननं हरलो. परतताना एसटीत मुली नेहमी भेंड्या खेळायच्या, त्या दिवशी कुणी तोंड उघडलं नाही.

दोन दिवसांनी ती स्टाफरूमच्या दारात आली. म्हणाली, ‘सर, मला एकदा विचारलं असतं तर?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहावीत घरचे खेळू देणार नाहीत, हे तिला माहीत होतं आणि मलाही. तिच्या हातात दोनच वर्षं होती, त्यातलं एक मी वाया घालवलं होतं.

पुढे तीच म्हणाली, ‘डावीकडून शिकवा. पण घाई नको. आणि रोज शेवटचे दहा चेंडू माझ्या बाजूचे.’

मग खरं शिकवणं सुरू झालं. पहिले पंधरा दिवस बॅट नाही, चेंडू नाही. फक्त पाय. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून डावा पाय उजव्याच्या पुढून टाकायचा. मग बॅटची पकड : उजवा हात खाली, डावा वर. डाव्या हाताला सवय व्हावी म्हणून ती घरी अंगणही डाव्या हातानं झाडायची आणि आजीची बोलणी खायची. बांबूला सायकलची ट्यूब चढवून आम्ही टी बनवला. स्थिर चेंडू जमल्यावर नुसता बंट, कारण डावीकडून येणारा चेंडू डोळ्यांना वेगळाच दिसतो, तो आधी नीट बघता यायला हवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर चालत स्लॅप, मग धावत. आणि रोज शेवटी दहा चेंडू उजवीकडून. त्या दहा चेंडूंत तिचा चेहरा मोकळा व्हायचा. त्या चेंडूंमुळेच ती पहिल्या आठ महिन्यांत टिकली, हे मला फार उशिरा कळलं.

नववीत आपण विभागीय स्पर्धेला गेलो. सातवी इनिंग, बरोबरी, थर्ड बेसवर आपली मुलगी. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘तू ठरव.’ ती डावीकडे गेली. चेंडू शॉर्टस्टॉपकडे सरपटत गेला, ती एका पावलानं सेफ आणि रन पूर्ण. तो सामना आपण जिंकलो, पुढचा हरलो. ढाल मिळाली नाही, म्हणून कपाटावरच्या यादीत हे काही नाही.

त्यानंतर मी बऱ्याच मुलामुलींना बाजू बदलायला शिकवलं. पण आधी विचारून, आणि शेवटचे दहा चेंडू त्यांच्या बाजूचे ठेवून.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजी विरुद्ध माजी असा सामना आहे. ती येणार असल्याचं कळलं. कोणत्या बाजूला उभं राहायचं ते तिचं तिनं ठरवावं. मी बाहेरून ओरडणार नाही.

तुमचा,
पी. टी.चा सर