माध्यमातून प्रशिक्षण की माध्यमासाठी प्रशिक्षण?

ऑनलाइन वर्ग आणि शिक्षक-प्रशिक्षण हा विषय पीएचडीसाठी घेणारे बरेच जण सिनॉप्सिसची सुरुवात मार्च 2020 पासून करतात. लॉकडाउन लागला, शाळा बंद झाल्या, शिक्षक तयार नव्हते, वगैरे. तुम्हीही तेच करणार असाल तर जरा थांबा. 2020 च्या मागे भारतात किमान 45 वर्षांचा इतिहास आहे. तो वाचलात तर तुमचा संशोधन-प्रश्नच बदलेल.

आधी 1975 कडे जाऊ. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असं एक वर्ष 'साइट' हा उपग्रह-दूरदर्शन प्रयोग चालला. उपग्रह नासाचा, एटीएस-6. जमिनीवरची जबाबदारी इस्रोची. सहा राज्यांतली साधारण 2400 गावं निवडली होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. गावात एक सामुदायिक टीव्ही, त्यावर सकाळी 5 ते 12 वयाच्या मुलांसाठी कार्यक्रम. याच यंत्रणेतून प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण दिलं गेलं. टीव्ही, रेडिओ, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष कृती अशी सगळी सांगड होती. 12-12 दिवसांच्या दोन फेऱ्यांत जवळपास 50 हजार शिक्षक!

आकडा मोठा आहे, मान्य. पण नीट बघा: शिक्षक टीव्हीवरून विज्ञानाचं अध्यापन शिकत होते. टीव्हीसमोर बसलेला वर्ग कसा सांभाळायचा, कार्यक्रमाआधी आणि नंतर मुलांशी काय बोलायचं, हे कौशल्य वेगळं. पहिलं झालं माध्यमातून प्रशिक्षण, दुसरं माध्यमासाठी प्रशिक्षण. हा फरक वहीत ठळक लिहून ठेवा.

पुढचा टप्पा 1996. कर्नाटकात प्राथमिक शिक्षकांसाठी उपग्रहावरून संवादी प्रशिक्षण झालं. चित्र एकाच दिशेनं, आवाज मात्र दोन्ही दिशांनी. म्हणजे केंद्रावर बसलेला शिक्षक तज्ज्ञाला थेट प्रश्न विचारू शकत होता. मोठी सुधारणा. तरीही प्रशिक्षण संपवून तो परतला तो खडू-फळ्याच्याच वर्गात. त्यामुळे 'माध्यमासाठी' तयार करण्याची गरज तेव्हा कुणाला जाणवली नाही, तर त्यात नवल नाही.

ती गरज दुसरीकडे जाणवली होती. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत गिली सॅल्मन यांनी ऑनलाइन चर्चागटांच्या अनुभवावरून पाच पायऱ्यांचं प्रारूप मांडलं. त्यांचं 'ई-मॉडरेटिंग' हे पुस्तक 2000 साली आलं. आधी प्रवेश आणि प्रेरणा, मग एकमेकांशी ओळख, मग माहितीची देवाणघेवाण, त्यानंतर ज्ञानाची बांधणी आणि शेवटी स्वतःचा विकास. यातली कळीची गोष्ट अशी की होणाऱ्या मार्गदर्शकानं आधी स्वतः ऑनलाइन विद्यार्थी म्हणून बसायचं. गट गप्प बसला की कसं वाटतं, हे त्याला तिथेच कळतं.

आता 2020. जुलैमध्ये केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या. पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं, नववी ते बारावीसाठी चार. 2019 मध्ये समोरासमोर सुरू झालेलं 'निष्ठा' प्रशिक्षण ऑक्टोबर 2020 पासून 'दीक्षा'वर ऑनलाइन गेलं. मॉड्यूल बघा, उत्तरं द्या, प्रमाणपत्र घ्या. पण त्याच शिक्षकाला संध्याकाळी पडणारे प्रश्न निराळेच होते. घरात एकच मोबाइल असेल तर हजेरी कशी धरायची? सगळ्यांचे कॅमेरे बंद असताना कुणाला समजलं नाही हे ओळखायचं कसं? मॉड्यूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र याची उत्तरं देत नाही.

मग तुमच्या संशोधनात काय करायचं? मी विज्ञानाकडून आलेय, म्हणून त्या भाषेत सांगते: तुमचं चल नीट ठरवा. 'किती शिक्षक प्रशिक्षित झाले' हे मोजणं सोपं, कारण तो आकडा फाइलीत तयार मिळतो. 'प्रशिक्षणानंतर वर्गात कोण बोललं, कोण गप्प राहिलं, शिक्षकानं त्यावर काय केलं' हे मोजायला निरीक्षण लागतं, वेळ लागतो. पहिल्या आकड्यावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढलात, तर व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येणार.

म्हणून संदर्भ-साहित्याचा आढावा लिहिताना प्रत्येक कार्यक्रमापुढे दोन रकाने आखा: 'माध्यमातून' आणि 'माध्यमासाठी'. दुसरा रकाना बराचसा रिकामा राहील. तुमचा प्रबंध त्या रिकाम्या जागेतच आहे.