गव्हाचा रानातला सोयरा

परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या परिसरात रब्बीच्या हंगामात ज्वारी आणि हरभऱ्याबरोबर गहूही दिसतो. ज्वारीची भाकरी रोजची आणि गव्हाची पोळी सणासुदीची, ही मराठवाड्यातील कित्येक पिढ्यांची रीत. आता पोळी रोजच्या ताटात आली आहे. या पोळीच्या गव्हाचा वंश शोधत गेलो, तर आपण एका रानगवतापाशी पोहोचतो.

त्या गवताच्या कुळाचे शास्त्रीय नाव एजिलॉप्स. त्यात वीसहून अधिक जाती आहेत आणि सगळ्या एका हंगामात उगवून, बी टाकून वाळणाऱ्या. भूमध्य समुद्रापासून मध्य आशियापर्यंत हे गवत माळावर आणि शेताच्या कडेला वाढते. आपल्याकडे ते उगवत नाही, म्हणून त्याला मराठी नावही नाही.

मराठवाड्यातील जुन्या मंडळींना शेवयांसाठी नावाजलेला बन्सी गहू आठवत असेल. खिरीचा खपली गहूही अनेकांना ठाऊक आहे. त्याच्या दाण्याचे टरफल मळणीत सुटत नाही, तो कांडावा लागतो. या दोन्ही गव्हांच्या पेशीत 28 गुणसूत्रे असतात, तर पोळीच्या नेहमीच्या गव्हात 42. मग ही जास्तीची 14 आली कुठून?

सुमारे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील भागात शेतकऱ्यांनी पेरलेल्या 28 गुणसूत्रांच्या गव्हाचा एजिलॉप्स टाउशी या गवताशी आपोआप संकर झाला. कोणी मुहूर्त न काढता जुळलेली ही सोयरीक! तिच्यातून आलेल्या गव्हाच्या कणकेला चांगला ताण आला आणि तो निरनिराळ्या हवामानांत रुजला.

हे कोडे उलगडले 1944 साली. जपानमध्ये हितोशी किहारा आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सीअर्स यांनी स्वतंत्रपणे याच गवताकडे बोट दाखवले. दोन्ही देश तेव्हा एकमेकांशी युद्ध करत होते. गव्हाच्या घराण्याबद्दल मात्र त्यांचे एकमत झाले.

पुढे याच कुळाची पुन्हा गरज पडली ती तांबेऱ्यामुळे. 1946-47 च्या हंगामात मध्य भारतातील गव्हावर या रोगाची मोठी साथ आली होती. आपल्या महाबळेश्वरलाही गव्हावरील गेरव्याचा, म्हणजे याच रोगाचा अभ्यास करणारे संशोधन केंद्र आहे. 1956 साली सीअर्स यांनी एजिलॉप्स अंबेल्युलाटा या जातीतील पानावरच्या तांबेऱ्याला रोखणारा गुण क्ष-किरणांच्या साहाय्याने गव्हात आणला. त्या गुणाचे वाण अमेरिकेत पेरले गेले. पण काही वर्षांतच बुरशीने रूप बदलून त्यावर मात केली. म्हणजे एकदा औषध सापडले आणि काम संपले, असे या लढाईत होत नाही. दर वेळी नवा गुण शोधावा लागतो, आणि तो बहुधा रानातल्या भाऊबंदांकडेच मिळतो.

म्हणूनच जगातील बियाणे-संग्रहांमध्ये या गवताचे बी जपून ठेवलेले असते. बाजारात त्याला कवडीचीही किंमत नाही. पण ज्या माळावर ते उगवते तो माळ नांगरला गेला, तर गव्हाचे माहेरच तुटेल. बन्सी आणि खपलीचे मूठभर बी घरात राखणारा शेतकरीही हेच काम करत असतो. आजच्या पिकाला ज्याची गरज भासत नाही, ते उद्याच्या पिकासाठी सांभाळून ठेवायचे असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)