वनरक्षणाची वचने आणि मधला काळ

जंगल राखण्याचे वचन बहुधा मुदत संपल्यावर मोडत नाही. ते मोडते वचन दिल्यापासून मुदत भरेपर्यंतच्या मधल्या काळात. आज जगातील मोठमोठ्या व्यापारी कंपन्या जंगलतोड थांबविण्याच्या ज्या प्रतिज्ञा करीत आहेत, त्यांचे हे वर्म भंडारा जिल्ह्याच्या इतिहासात पूर्वीच उघड झाले आहे, असे आम्हांस वाटते.

मध्यप्रांतात 1860 नंतरच्या बंदोबस्तात इंग्रज सरकारने मालगुजारांस गावाची मालकी दिली, व तिजबरोबर गावालगतचे रानही पुष्कळसे त्यांच्याकडे गेले. जमीनदारांची अरण्ये तर त्याहून विस्तीर्ण होती. सरपण, घरबांधणीचे लाकूड, गुरचराई हे रयतेचे निस्तार-हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावदप्तरात नमूद होत. मालक कितीही प्रबळ असला, तरी कोणत्या गावास कोणता हक्क हे कागदावर असल्यामुळे दाद मागण्यास निदान आधार होता.

पुढे 1946 साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने ही मालकी नष्ट करण्याचा ठराव केला. विधेयक आले 1949 च्या ऑक्टोबरात, ते संमत झाले 1950 च्या एप्रिलात, आणि मालकी प्रत्यक्ष सरकारकडे गेली 31 मार्च 1951 रोजी. म्हणजे शब्द आणि अंमल यांत साडेचार वर्षांचे अंतर पडले. उद्या जे आपले राहणार नाही, त्याचे आजच पैसे करावे, हा हिशेब कोणासही सुचावा असाच होता. उभी झाडे, बांबू, तेंदूपाने यांचे लांब मुदतीचे करार झाले, आणि पुष्कळ ठिकाणी कुऱ्हाडही चालली. या जिल्ह्यातील एका जमीनदाराने 1948 च्या एप्रिलात आपल्याच पत्नीस 26,000 रुपयांस 1960 च्या डिसेंबरपर्यंत रानातील लाकूड नेण्याचा हक्क लिहून दिला. त्यांचा हेतू काहीही असो, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1958 साली निकाल बाईंच्या विरुद्ध लागला. कारण दस्त नोंदलेला नव्हता. परंतु करारापासून निकालापर्यंत दहा वर्षे लोटली होती. निकालाने हक्काचा वाद मिटतो. पडलेले झाड उभे राहत नाही.

आता कंपन्यांकडे वळू. ‘कंझ्युमर गुड्स फोरम’ या व्यापारी संघाने 2010 साली ‘2020 पर्यंत निव्वळ जंगलतोड शून्य’ असे वचन दिले. 2014 च्या न्यूयॉर्क घोषणेने निम्मी तोड 2020 पर्यंत व सर्व तोड 2030 पर्यंत थांबविण्याचे ठरविले. 2020 साल उलटले. वचन पुरे झाले नाही. याउलट, अॅमेझॉन खोऱ्यात नव्याने तोडलेल्या जमिनीवरील सोयाबीन घेणार नाही, असे तेथील व्यापाऱ्यांनी 2006 साली ठरविले, तेव्हा तो निर्बंध त्याच वर्षापासून लागू केला व उपग्रहांच्या चित्रांवरून तो तपासला. मधला काळच उरला नाही, म्हणून त्याचा पुष्कळ उपयोग झाला. मात्र शेजारच्या सेराडो प्रदेशास तो लागू नव्हता, आणि तेथे नांगर चालतच राहिला.

‘निव्वळ’ हा शब्दही फसवा आहे. एकीकडे तोडून दुसरीकडे लावले, की हिशेब जुळतो. नागपूरचे वन विकास महामंडळ 1974 पासून संमिश्र जंगलाच्या जागी साग लावीत आले आहे. नकाशावर ते जंगलच. पण मोह, चारोळी आणि तेंदू यांवर ज्यांचा उन्हाळा निघतो, त्या घरांस सागाच्या रांगांचा काय उपयोग?

म्हणून प्रतिज्ञेची परीक्षा तिच्या भाषेवरून करू नये. ती आजपासून लागू आहे काय, रानाचे व गावाचे नाव तीत आहे काय, आणि ती मोडल्यास दाद मागण्याचा अधिकार रानाजवळ राहणाऱ्यास आहे काय, एवढेच विचारावे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस आपल्या सामूहिक वनाचे रक्षण करण्याचा अधिकार दिला आहे. दूरदेशीच्या हिशेबतपासनिसापेक्षा कुऱ्हाडीचा आवाज ज्यास घरी ऐकू येतो, तो साक्षीदार अधिक भरवशाचा, असे आमचे मत आहे.