खाट कोणाला द्यावी?

मी सातवीपर्यंतच शिकलेली. परंतु आमच्या मंडळाच्या वसतिगृहात खाट कोणाला द्यावी, हा प्रश्न आला तेव्हा जुनी हकीकत आठवली; ती भगिनींसाठी लिहिते.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले. बालविधवा गोदूबाई जोशी तेथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली व १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. तेथे आरंभी नुसती झोपडी! कर्वे कॉलेजात शिकवून पायी तेथे जात. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या.

सरकारची नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची योजना त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९७२-७३ साली आली. आता तिला ‘सखी निवास’ म्हणतात.

आमच्याकडे खाटा चार, अर्ज सात. पालकाची चिठ्ठी हवीच, असा नियम. एकीला घरच्यांनीच बाहेर काढलेले. मीच तिचा अर्ज बाजूला ठेवला. रात्री झोप येईना. गोदूबाईंना सदनात पोहोचवायला भाऊ तरी होता. हिने चिठ्ठी कोणाची आणावी? जिला सर्वांत गरज, तिलाच आमचा नियम दाराबाहेर ठेवीत होता.

पुढच्या सभेत मी चूक कबूल केली. आता चिठ्ठी नसेल तर मंडळाच्या दोघी सभासद हमी राहतात. त्या मुलीला खाट मिळाली. तिच्या हमीपत्रावर पहिली सही माझी आहे.