हुरिस्टिक (स्वयंशोधन)

उत्तराची हमी न देता त्याच्या दिशेने नेणारी युक्ती. तसेच नियम आयता न सांगता तो विद्यार्थ्याकडून शोधून घेण्याची अध्यापनपद्धती. ठरलेली रीत पायरीपायरीने पाळली की उत्तर येतेच. हुरिस्टिकने सुचवलेले उत्तर मात्र वेगळे सिद्ध करावे लागते.

इतिहास : रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग (1848–1937) यांनी शालेय विज्ञानात या पद्धतीचा आग्रह धरला. जॉर्ज पोल्या (1887–1985) यांनी 1945 मध्ये गणितासाठी चार टप्पे मांडले : उदाहरण समजून घेणे, बेत आखणे, तो तडीस नेणे आणि मागे वळून तपासणे. युक्त्या अर्थात फार जुन्या आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) उत्तराकडून उलट जाणारा व्यस्तविधी आणि सोयीची संख्या मानून चालणारे इष्टकर्म आहे. संख्येत तिचा चतुर्थांश मिळवून 35 होत असतील, तर 4 मानावेत, 5 येतात. हवे होते सातपट, म्हणून उत्तर 28.

मुंबईतील उदाहरण : व्याख्येपेक्षा उदाहरणातून ही कल्पना नेमकी कळते. जुलै 1996 मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड मुंबईत झाले. 75 देशांचे 424 स्पर्धक होते. पहिल्याच प्रश्नात 20 × 12 घरांचा पट होता. लांब बाजूच्या एका कोपऱ्यातील नाणे दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचे. प्रत्येक चालीत घरांच्या मध्यबिंदूंतील अंतर √र हवे; ‘र’ ही दिलेली धन पूर्णांक संख्या. ‘र’ला 2 किंवा 3 ने भाग जात असेल, तर हे अशक्य आहे असे दाखवायचे होते. नुसत्या चाली करून पाहिल्याने अशक्यता सिद्ध होत नाही. ‘प्रत्येक चालीनंतर काय कायम राहते?’ असे विचारले की वाट दिसते. पट बुद्धिबळासारखा काळा-पांढरा रंगवावा. ‘र’ सम असल्यास नाणे कायम एकाच रंगावर पडते. मुक्काम मात्र 19 घरे दूर, म्हणजे विरुद्ध रंगाचा. ‘र’ला 3 ने भाग जात असल्यास आडवे-उभे सरकणे 3 च्याच पटीत होते, आणि 19 त्या पटीत बसत नाही. र = 73 असताना मार्ग मिळतो; 97 असताना मिळत नाही, पण ते दाखवायला अधिक बारीक विचार लागतो.

संस्था : मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना 1974) टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. गणित ऑलिम्पियाडची प्रशिक्षण शिबिरे येथे भरली आहेत. याहून मोलाचे काम म्हणजे जयश्री रामदास यांची ‘स्मॉल सायन्स’ ही प्राथमिक पुस्तकमाला. तिच्यात मुलाचे स्वतःचे निरीक्षण आधी येते. हुरिस्टिकची खरी कसोटी निवडक स्पर्धकांच्या शिबिरात लागत नाही, ती अशी पुस्तके वापरणाऱ्या वर्गांत लागते.

मतभेद : युक्त्या यादीने शिकवता येतात का, यावर एकमत नाही. पोल्यांच्या सूचना वापरण्याच्या मानाने फार सर्वसाधारण आहेत, असे गणितशिक्षणाचे संशोधक ॲलन शोनफेल्ड यांचे म्हणणे.

मानसशास्त्र : येथे हुरिस्टिक म्हणजे झटपट अंदाज बांधण्याची मनाची युक्ती. ट्वर्स्की व कानेमन (1974) यांनी अशा अंदाजांतील ठरावीक चुका दाखवल्या.

संगणन : ज्ञानाधारित संगणकप्रणालींतही हुरिस्टिक नियम वापरतात. अशा प्रणालींवर जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत (स्थापना 1985) काम झाले.