कच्चे आकडे

"मांसाहार करणारी माणसं जास्त स्वार्थी असतात." ऑगस्ट २०११ मध्ये नेदरलँड्सच्या वर्तमानपत्रांत अशी एक बातमी आली होती. मटणाचा नुसता विचार मनात आला तरी माणूस आपमतलबी होतो, असं म्हणे प्रयोगांत दिसलं होतं. हे वाचून आमच्या शाकाहारी नातेवाइकांनी लगेच माना डोलावू नयेत. त्या बातमीमागचे प्रयोग कधी झालेच नव्हते. एका माणसाने टेबलाशी बसून आकडे रचले होते, आणि ते कुठे छापून येण्याआधीच, बातमीनंतर दोनेक आठवड्यांत, सगळा डोलारा कोसळला.

हा माणूस म्हणजे डिडरिक स्टापेल, टिलबर्ग विद्यापीठातला सामाजिक मानसशास्त्राचा प्राध्यापक. आधी ग्रोनिंगेनला होता, २००६ मध्ये टिलबर्गला आला, २०१० मध्ये तिथल्या विद्याशाखेचा डीन झाला. या प्रकरणावर तेव्हा बरंच लिहून आलं, पण बहुतेक ठिकाणी 'लबाड शास्त्रज्ञ सापडला' एवढ्यावरच गोष्ट संपते. मला त्यात जास्त ओढ वाटते ती पुढच्या भागाची. म्हणजे त्यानंतर टिलबर्गमध्ये काय झालं, त्याची.

आधी गावाविषयी थोडं. टिलबर्ग हे दक्षिणेकडच्या ब्राबांट प्रांतातलं लोकरीच्या कापडाचं जुनं गाव. लोकर धुवायला पूर्वी मूत्र वापरायचे. गावकरी ते घरी मडक्यांत साठवून गिरण्यांना विकत, आणि त्यावरून पडलेलं (इथे भाषांतर न करण्याजोगं) टोपणनाव हे लोक आजही कार्निव्हलमध्ये मोठ्या अभिमानाने मिरवतात. विद्यापीठ १९२७ सालचं, कॅथलिकांनी काढलेलं वाणिज्य महाविद्यालय म्हणून सुरू झालेलं. लायडनसारखा शतकांचा थाट नाही. अशा विद्यापीठाला एक जगप्रसिद्ध प्राध्यापक मिळतो, 'सायन्स'सारख्या नियतकालिकात त्याचे निबंध येतात, तेव्हा त्याचं किती कौतुक होत असेल ते ओळखता येतं.

'सायन्स'मधला तो निबंध एप्रिल २०११ चा. उट्रेख्त स्टेशनवर सफाई कामगारांचा संप चालू असताना, कचरा साठलेल्या फलाटावर, गोरे प्रवासी काळ्या माणसापासून जरा लांबच्या खुर्चीवर बसतात. संप मिटून स्टेशन स्वच्छ झालं की जवळ बसतात. म्हणजे आजूबाजूला पसारा असला की मनातले पूर्वग्रह वाढतात. किती छान निष्कर्ष! स्वच्छता ठेवा, वंशद्वेष कमी होईल. कुठल्याही नगरपालिकेला आवडावा असा. पुढे संशय आल्यावर स्वतः स्टापेलच उट्रेख्त स्टेशनवर जाऊन, आपण लिहिलेल्या प्रयोगात बसेल अशी जागा शोधत फिरला. त्याला ती सापडली नाही.

त्याची कामाची पद्धत समजून घ्यायला हवी, कारण सगळी मेख तिथेच आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्याबरोबर बसून तो प्रयोग आखायचा. प्रश्नावल्या तयार व्हायच्या. मग तो म्हणायचा, माझ्या ओळखीच्या शाळा आहेत, मी स्वतः जाऊन भरून आणतो. विद्यार्थ्याने बरोबर यायचं नाही. काही आठवड्यांनी तो आकड्यांची तयार फाइल हातात द्यायचा. एवढा मोठा माणूस आपल्यासाठी शाळा-शाळा हिंडतो, याचं विद्यार्थ्याला अप्रूपच वाटायचं. मूळ भरलेले कागद कोणी मागितलेच, तर ते ठेवायला जागा नव्हती किंवा टाकून दिले अशी उत्तरं मिळायची.

बारावीला फिजिक्सचं प्रॅक्टिकल केलेल्यांना 'रीडिंग्ज जुळवणं' म्हणजे काय ते सांगायला नको. लंबकावरून 'जी' काढायचा, तो ९.८ यायला हवा, मग उलटं गणित करून जर्नलमध्ये सेकंद भरायचे. पण तिथे निदान उत्तर जगाला आधीच माहीत असतं. कोणी जुळवलं तरी गुरुत्वाकर्षणाला काही होत नाही. इथे उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. स्टापेल लोकांना जे ऐकायला आवडेल ते उत्तर द्यायचा, आणि मग पुढचे लोक त्याच्यावर आपापले मजले चढवायचे.

हे उघडकीला आणलं ते विभागातल्या तीन तरुण संशोधकांनी. नियतकालिकांचे परीक्षक, संपादक, पारितोषिक समित्या, सगळ्यांच्या डोळ्यांखालून ते आकडे गेले होते. या तिघांनी काही महिने गुपचूप नोंदी ठेवल्या. फाइलींमध्ये काही ठिकाणी तेच तेच आकडे पुन्हा येत होते, निकाल नको तितके नीट लागत होते. ऑगस्ट २०११ च्या शेवटी ते विभागप्रमुखांकडे गेले, तिथून गोष्ट रेक्टर फिलिप आइलँडर यांच्याकडे गेली. काही दिवसांत स्टापेलने कबुली दिली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तो निलंबित झाला.

क्षणभर त्या तिघांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. नोकरी कच्ची, शिफारसपत्र त्याच माणसाचं, डीन तोच. चूक निघाली असती तर या क्षेत्रात पुन्हा दार उघडलं नसतं. आधीही काही तरुणांना आणि एक-दोन प्राध्यापकांना शंका आल्या होत्या असं पुढे चौकशीत दिसलं. त्या तिथल्या तिथे विरून गेल्या.

चौकशी मात्र टिलबर्गने मनापासून केली. स्टापेल ज्या तीन विद्यापीठांत होता (अॅम्स्टरडॅम, ग्रोनिंगेन, टिलबर्ग) तिथे तीन समित्या बसल्या. टिलबर्गची विलेम लेव्हेल्ट या भाषामानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली. ३१ ऑक्टोबर २०११ ला पहिला अहवाल आला, २८ नोव्हेंबर २०१२ ला तिन्ही समित्यांचा एकत्र अंतिम अहवाल. ५५ प्रकाशनांत फसवणूक सिद्ध झाली. विद्यार्थ्यांचे १० पीएचडी प्रबंधही बनावट आकड्यांवर उभे होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं असं समितीने स्पष्ट नोंदवलं, पण आयुष्यातली चार वर्षं नोंदीने परत मिळत नाहीत.

अंतिम अहवाल सगळ्यांना वाचायला खुला ठेवला होता, इंग्रजीतसुद्धा. त्यातला मला सर्वांत धाडसी वाटलेला भाग स्टापेलविषयी नाहीच. समितीने म्हटलं की दोष एका माणसापुरता नाही, या शाखेत ढिसाळपणा मुरलेला आहे. न जमलेले प्रयोग गाळायचे, जमले तेवढेच छापायचे. काही वेळा तर परीक्षकच लेखकाला सांगायचे की हा फसलेला प्रयोग काढा, म्हणजे गोष्ट सुटसुटीत होईल. सामाजिक मानसशास्त्रातले बरेच लोक यावर चिडले. एका आंब्यामुळे पेटी सडकी ठरवता का, असा त्यांचा सूर होता. तो राग मला अगदीच गैर वाटत नाही, पण पुढे जे झालं ते बघता समितीचंच बरोबर होतं असं म्हणावं लागतं.

कारण पेटी उघडून बघण्याचा प्रयत्न आधीच एकाने केला होता. येल्टे विखर्ट्स हे तेव्हा अॅम्स्टरडॅमला होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतल्या १४१ निबंधांच्या लेखकांना पत्रं लिहिली: तुमचे मूळ आकडे द्याल का, पुन्हा गणित करून बघायचंय. त्या लेखकांनी छापताना, मागितले तर आकडे देऊ, असं मान्य केलेलं होतं. सहा महिने, चारशेच्या वर ईमेल. ७३ टक्के लेखकांनी काही दिलं नाही. हे २००६ साली छापून आलं, म्हणजे स्टापेल टिलबर्गला आला त्याच वर्षी. फारशी खळबळ झाली नाही.

स्टापेल प्रकरणानंतर हेच विखर्ट्स टिलबर्गला आले आणि त्यांच्याभोवती एक गट जमला. संशोधनाचंच संशोधन करणारा. त्यातल्या मिशेल नाइटेन यांनी अॅम्स्टरडॅमच्या एका सहकाऱ्याबरोबर 'स्टॅटचेक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कल्पना किराणा दुकानाच्या बिलाइतकी सोपी. निबंधात संख्याशास्त्राचे दोन-तीन आकडे एकमेकांना बांधलेले असतात. पहिल्या दोनांवरून तिसरा निघतो. प्रोग्रॅम निबंध वाचून तिसरा स्वतः काढतो आणि छापलेल्याशी ताडून बघतो. १९८५ ते २०१३ या काळातल्या आठ नियतकालिकांतल्या अडीच लाखांहून जास्त आकड्यांवर त्यांनी तो चालवला. तपासलेल्या निबंधांपैकी निम्म्यांत निदान एक बेरीज चुकलेली निघाली, आणि दर आठांतल्या एका निबंधात ती अशी की निष्कर्षच बदलू शकेल. लबाडी नव्हे; बहुतेक साध्या हातचुका असाव्यात. पण कोणी मोजूनच बघितलं नव्हतं.

२०१६ मध्ये त्याच गटातल्या ख्रिस हार्टगेरिंक यांनी सुमारे ५०,००० निबंधांचे असे तपासणी-शेरे एका सार्वजनिक संकेतस्थळावर टाकले आणि मग चांगलाच गलका झाला. जर्मन मानसशास्त्र संघटनेने नाराजी कळवली. ज्यांची बिलं बरोबर होती त्यांनाही 'तुमचं बिल तपासलं' अशी सूचना गेली होती! ती पद्धत जरा उर्मट होती असं माझं मत आहे. आधी लेखकाला विचारता आलं असतं. याच हार्टगेरिंकने २०१५ मध्ये तपासणीसाठी एल्सेव्हियर या प्रकाशनाचे निबंध मोठ्या संख्येने उतरवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कंपनीने विद्यापीठाच्या ग्रंथालयाला कळवून ते थांबवायला लावलं. विद्यापीठाने पैसे भरलेले निबंध, वाचायला परवानगी. पण यंत्राने वाचायचे तर वेगळी वाट. खुल्या विज्ञानाची लढाई अशा किरकोळ वाटणाऱ्या दारांवरही चालते.

आणि खुद्द त्या विद्याशाखेत काय बदललं? मला आवडलेली गोष्ट फार साधी आहे. निबंध छापला की त्यामागचं गाठोडं जपून ठेवायचं: मूळ आकडे, प्रश्नावली, आकडे कोणी कुठे कधी गोळा केले त्याची नोंद. एक समिती दरवर्षी छापलेल्यांतले काही निबंध चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडते आणि गाठोडं दाखवा म्हणते. डीनचा निबंध निघाला तर डीननेही दाखवायचं.

सगळं जगासाठी उघडं करता येत नाही, हे खरं. प्रश्नावली भरणाऱ्या माणसाने स्वतःच्या आजाराविषयी, संसाराविषयी लिहिलेलं असतं. ते जपायलाच हवं. पण वाचकांपासून लपवणं वेगळं आणि स्वतःच्या विद्यार्थ्यापासून लपवणं वेगळं. २०११ च्या आधी टिलबर्गमध्ये "सर, मूळ कागद बघू का?" असं विचारणं म्हणजे सरांवर अविश्वास दाखवणं होतं. आता ते समितीच्या छापील अर्जातलं एक वाक्य आहे. विचारायला छाती लागत नाही.

स्टापेलचे ५८ निबंध पुढे मागे घेतले गेले. २०१३ मध्ये सरकारी वकिलांशी तडजोड होऊन त्याला १२० तास समाजसेवा करावी लागली. त्याने आत्मचरित्रही लिहिलं, आणि २०१४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलं गेलं. जन्मभर आकडे कोणाला न दाखवणाऱ्या माणसाचं पुस्तक तरी खुलं झालं म्हणायचं :)

त्या तीन तरुणांची नावं मात्र कुठल्याच अहवालात नाहीत.